रखवालदाराला झोपेची गोळी

गेल्या अंकात आम्ही तळघरात पाणी शिरल्याची कहाणी सांगितली होती. ती वाचून तिघांनी प्लंबरचे नंबर पाठवले आणि एका सद्‌गृहस्थांनी स्वतःचंच तळघर बघायला बोलावलं. या वेळी संपादकांनी फोनवर बजावलं, "जरा खुसखुशीत लिहा." आम्ही तसे बसलोही होतो लिहायला. पण गेली तीन वर्षं आमच्या घरात जे चाललं आहे ते बाजूला ठेवून दुसरंच काही लिहायचं हे काही जमेना. तेव्हा खुसखुशीतपणा पुढच्या अंकात. सौ.ची परवानगी घेतली आहे. तिने मजकूर वाचून दोन वाक्यं खोडली आणि एक वाढवलं. कुठलं ते सांगणार नाही.

सुरुवात झाली २०२२ च्या नोव्हेंबरात. स्कारबरोत त्या वर्षीचा पहिला बर्फ पडून गेला होता. सौ.च्या दंडावर रुपयाएवढा काळानिळा डाग दिसला. "कपाटाचं दार लागलं असेल," ती म्हणाली. चार दिवसांनी मांडीवर दुसरा, मग कोपराजवळ तिसरा. दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. नंतर दोन्ही नडग्यांवर बारीक लाल ठिपके उठले, कुणी लाल बॉलपेनने टिंबं काढावीत तसे. बोटाने दाबले तरी ते फिके पडत नव्हते. असे ठिपके दाबून बघायचे असतात हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुरळ असेल तर दाबल्यावर बहुधा फिकं पडतं. कातडीखाली रक्त उतरलेलं असेल तर पडत नाही.

घराजवळच्या एका वॉक-इन क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या नर्सबाईंनी सौ.चे दंड पाहिले, आमच्याकडे पाहिलं आणि गोड आवाजात आम्हांला बाहेर बसायला सांगितलं. आम्ही बाहेर एक जुनं मासिक चाळत बसलो. गाडीत बसल्यावर सौ. म्हणाली, "तिने मला विचारलं, घरी सुरक्षित आहेस ना? कुणी हात उगारत नाही ना?" आम्ही आधी हसलो. मग केनेडी रोडचा सिग्नल येईपर्यंत गप्प झालो. त्या बाईंचं काही चुकलं नाही. ज्या बायकांना खरोखर मार बसतो त्यांना हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा. राग आला तो आतल्या डॉक्टरांचा. त्यांनी "या वयात बायकांना असं होतं" म्हणून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. रक्त तपासलं नाही.

दोन दिवसांनी रात्री सौ.च्या नाकातून रक्त सुरू झालं ते पाऊण तास थांबेना. मग इमर्जन्सी. पहाटे चार वाजता रिपोर्ट आला : प्लेटलेट ८.

रिपोर्टचा फोटो सांगलीला मेहुण्याला पाठवला. तो तर ओरडलाच. "दाजी, आठ? नुसते आठ? इथं डेंग्यूत वीस हजार झाले तरी माणसं रडारड करतात!" खुलासा करून सांगावा लागला. कॅनडातल्या रिपोर्टात प्लेटलेटचा आकडा वेगळ्या मापात असतो. इथले ८ म्हणजे तिकडचे आठ हजार. निरोगी माणसाचे इथे १५० ते ४००, म्हणजे आपल्या भाषेत दीड ते चार लाख. उलट हिमोग्लोबिन इथे ११८ लिहितात, ते तिकडचं ११.८. ते वाचून सासूबाईंना मात्र मुलीचं रक्त चांगलंच वाढल्याचा आनंद झाला होता. वाचकांपैकी ज्यांचे रिपोर्ट व्हॉट्सॅपवरून दोन देशांत फिरतात त्यांनी आकड्याबरोबर माप लिहायची सवय करावी. आम्ही इंजिनिअर असून ती चूक केली.

आठ हजार मात्र कुठल्याही मापात थोडेच. आजाराचं नाव आय.टी.पी. पूर्वी त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ 'कारण माहीत नाही' असा होता. आता तो 'इम्यून' असा करतात, कारण गुन्हेगार सापडला आहे. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच प्लेटलेटना परकं समजते, त्यांना अँटिबॉडी चिकटवते, आणि मुख्यतः प्लीहेत, म्हणजे आपली आजी जिला पाणथरी म्हणायची तिच्यात, त्यांचा फडशा पडतो. निरोगी प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते. इथे ती काही तासांत जाते. शिवाय नव्या तयार होण्यातही अडथळा येतो. वर्षभरापेक्षा जास्त टिकला की त्याला जुनाट म्हणतात. लहान मुलांत बहुधा आपोआप बरा होतो. मोठ्यांत सहसा मुक्काम ठोकतो.

आमचा धंदा विजेच्या ग्रिडवरच्या रिलेचा. रिले म्हणजे लाइनवर दोष दिसला की ती तोडणारा पहारेकरी. आम्ही मास्टर्स करायला हॅमिल्टनला येऊन पोचलो त्याच महिन्यात, १४ ऑगस्ट २००३ ला, ओंटारिओचा बराचसा भाग आणि अमेरिकेची ईशान्य बाजू अंधारात गेली. पाचेक कोटी माणसं त्यात सापडली. ओहायोतल्या एका महत्त्वाच्या लाइनवर शॉर्ट सर्किट नव्हतंच, नुसता बोजा जास्त होता. रिलेला तो दोष वाटला, त्याने लाइन तोडली आणि पुढे सगळं कोसळत गेलं. आय.टी.पी. आम्हांला समजला तो असा. यंत्रणा बिघडलेली नाही, ती आपलं काम चोख करते आहे, फक्त चुकीच्या लाइनवर. हे आम्ही हॉस्पिटलच्या खाटेशेजारी बसून सौ.ला समजावलं. ती म्हणाली, "तुझा रिले तुझ्यापाशी ठेव. घरच्याच माणसांना चोर समजून बडवणारा रखवालदार म्हण, म्हणजे आईला पण कळेल." (छापील पानावर आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणत असलो तरी घरात आम्ही 'तू'च आहोत.)

आणि औषध काय? रखवालदाराला झोपेची गोळी. मग खरा चोर आला तर? त्या प्रश्नातच पुढची तीन वर्षं गेली.

गुन्हेगार सापडला कसा ती हकिगत सांगायलाच हवी. १९५० साली अमेरिकेत सेंट लुईसच्या बार्न्स हॉस्पिटलात विल्यम हॅरिंग्टन नावाचा तरुण डॉक्टर होता. या आजाराचं कारण रुग्णाच्या रक्तातच फिरतं असा त्याचा संशय. तो सिद्ध करायला त्याने आजारी बाईचं अर्धा लिटर रक्त स्वतःच्या अंगात घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या, त्याला झटका आला, अंगावर तेच लाल ठिपके उठले, आणि पाचेक दिवसांनी सगळं पूर्ववत झालं. आज कुठली नीतिसमिती याला परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण त्यातून कळलं की प्लेटलेटचा कारखाना बंद पडलेला नसतो, तयार माल कुणीतरी रस्त्यात मारतं. पाणथरी काढण्याचा इलाज तर त्याहूनही आधीचा. १९१६ मध्ये प्रागच्या काझ्‌नेल्सन नावाच्या विद्यार्थ्याने तो सुचवला आणि त्याच्या प्राध्यापकांनी ऐकला, याचंच आम्हांला जास्त कौतुक वाटतं.

सौ.ला पहिल्याच दिवशी प्रेडनिसोन सुरू झालं, म्हणजे स्टेरॉइड. त्याच्याबरोबर आय.व्ही.आय.जी. हा हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडीजचा अर्क. शिरेतून तासन्‌तास थेंब थेंब जातो आणि प्लेटलेट खाणाऱ्या पेशींना दुसऱ्या कामाला लावतो. त्याचा बिल आलं नाही. इथे तो कॅनेडियन ब्लड सर्व्हिसेसकडून हॉस्पिटलला मिळतो. चार दिवसांत आकडा ८ वरून ९० वर. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो.

स्टेरॉइडबद्दल सगळे सांगतात की वजन वाढतं. पहाटे तीन वाजता घर जागं होतं ते कुणी सांगत नाही. सौ. रात्री दोनला उठायची. एका रात्रीत तिने स्वयंपाकघरातली सगळी कपाटं पुसून डब्यांना नव्या चिठ्ठ्या लावल्या. दुसऱ्या रात्री आम्ही खाली उतरलो तर चकल्यांचा घाणा चालू. चकल्या छान झाल्या होत्या हे नमूद करतो. पण ती क्षणात हसायची, क्षणात मुलांवर कडाडायची, आणि मग "ही मी नाही" म्हणून रडायची. साखर वाढली. आपल्याकडे मधुमेह घरोघरी, तेव्हा तेही जपावं लागलं. आम्हांला उशिरा कळलं की अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली स्पष्ट सल्ला दिला आहे : प्रेडनिसोनचा कोर्स कमी कमी करत आणण्याच्या दिवसांसकट सहा आठवड्यांहून लांबवू नये. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावं, "ही गोळी बंद कधी होणार?" स्वतःच्या मनाने एकदम बंद मात्र कधीही करू नये, ते वेगळंच संकट.

सौ.चं झालं असं की गोळी कमी करत आणली की आकडा घसरायचा. जानेवारीत १४. पुन्हा आय.व्ही.आय.जी., पुन्हा स्टेरॉइड, पुन्हा घसरण. मार्च २०२३ मध्ये आमच्या रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी आम्हां दोघांना समोर बसवलं आणि कागदावर औषधांची नावं लिहून काढली. त्या म्हणाल्या, "आकड्याच्या मागे लागू नका. रक्तस्राव नसेल आणि आकडा तीसच्या वर असेल तर बहुतेक मोठ्या माणसांना मी नुसतं बघत राहीन. दीडशे हे आपलं ध्येयच नाही." हे पचायला आम्हांला वेळ लागला. पैकीच्या पैकी मार्क मिळवायच्या संस्कारात वाढलेली माणसं आम्ही!

कागदावर पाणथरीची शस्त्रक्रिया होती, पण ती निदान वर्षभर थांबून, कारण तेवढ्यात काहींचा आजार आपोआप ओसरतो. प्लेटलेटचा कारखाना जोरात चालवणारी नवी औषधं होती, रोमिप्लोस्टिम आणि एल्ट्रोम्बोपॅग. ती रखवालदाराला हात लावत नाहीत, माल जास्त काढतात. एल्ट्रोम्बोपॅगची गोळी दूध-दह्यापासून तासन्‌तास लांब ठेवावी लागते, कॅल्शियमने ती निकामी होते. सकाळी दुधाचा चहा, दुपारी ताक, रात्री दहीभात असलेल्या घराने ती कधी घ्यावी याचं वेळापत्रक आम्ही एक्सेलमध्ये करून पाहिलं. जमत होतं, पण सौ.चा चेहरा पाहून फाइल बंद केली.

आणि मग झोपेच्या गोळ्या. अझाथायोप्रिन : जुनं, स्वस्त, पण असर दिसायला महिनेच्या महिने. ज्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून ते आलं त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. सायक्लोस्पोरिन : नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीतल्या बुरशीतून निघालेलं, मूत्रपिंडं आणि रक्तदाब सांभाळून द्यायचं. मायकोफेनोलेट : हेही बुरशीतूनच. रिटुक्सिमॅब : अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींचाच काटा काढणारं. आणि शेवटी कंसात व्हिंक्रिस्टीन.

त्या कंसावर आम्ही थांबलो, कारण व्हिंक्रिस्टीन म्हणजे सदाफुली. सांगलीच्या अंगणात तुळशीशेजारी उगवणारी, गाईही तोंड लावत नाही ती. तिच्या पानांतलं पहिलं औषध, व्हिनब्लास्टीन, आमच्याच प्रांतात सापडलं. १९५२ मध्ये जमैकातून या झाडाची पानं टोरांटोच्या डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली. तिथे लोक मधुमेहावर तिचा काढा घेत. त्यांनी ती लंडन, ओंटारिओच्या वेस्टर्न विद्यापीठात आपल्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे धाडली. साखर काही उतरली नाही, पण प्रयोगातल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी १९५८ मध्ये त्यातलं द्रव्य वेगळं केलं. पुढे ती कर्करोगाची औषधं झाली, आणि आय.टी.पी.तही वापरली गेली. आता क्वचितच, कारण हातापायांच्या नसा बधिर होतात. बाई म्हणाल्या, "हे तुम्हांला नको आहे, केवळ यादी पुरी व्हावी म्हणून लिहिलं." सासूबाईंना ही गोष्ट फार आवडली. धोका एवढाच की त्यांनी लगेच सदाफुलीची पानं चावून खायची का असं विचारलं. अजिबात नाही! ते झाड विषारी आहे.

अनेक औषधं हरलेल्यांसाठी तीन गोळ्या एकत्र द्यायचा प्रयोगही आमच्या जवळचाच. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या डॉ. डोनाल्ड अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट आणि सायक्लोस्पोरिन एकत्र दिलेल्या १९ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. पाणथरीच्या शस्त्रक्रियेसह बरेच इलाज थकलेली ही माणसं. त्यांतल्या १४ जणांच्या प्लेटलेट वाढल्या, आणि १४ पैकी ८ जणांच्या पुढे पुन्हा उतरल्या. आम्ही त्याच विद्यापीठात दोन वर्षं काढली, त्याच मेडिकल इमारतीच्या बाजूने रोज बस पकडली, आणि आत काय चाललंय याची गंधवार्ताही नव्हती. १९ हा आकडा पाहून आमच्यातला इंजिनिअर नाक मुरडतो. आम्ही एवढ्या नमुन्यावर ट्रान्सफॉर्मरचा बोल्टसुद्धा पास करणार नाही. पण आजारच विरळा, मोठ्या चाचण्या व्हायच्या कशा? मायकोफेनोलेटची झाली आहे. ब्रिटनमध्ये १२० रुग्णांवर, २०२१ मध्ये प्रसिद्ध. सुरुवातीपासून स्टेरॉइडबरोबर ही गोळी दिली तर इलाज फसण्याचं प्रमाण ४४ टक्क्यांवरून २२ वर आलं. मात्र गोळी घेणाऱ्यांनी थकवा जास्त असल्याचं सांगितलं. हे दुसरं वाक्य लोक वाचत नाहीत. सौ.ने वाचलं.

मायकोफेनोलेटने गर्भाला इजा होते, म्हणून बाईंनी विचारलं, "मूल व्हायचा काही विचार?" सौ. बेचाळीसची, थोरला अकरावीत. तिने आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही खिडकीबाहेरचा बर्फ मोजू लागलो.

मग बाईंनी पेन खाली ठेवलं आणि असे प्रश्न विचारले की आम्ही चक्रावलो. "लहानपणी मातीत अनवाणी चालत होता का?" "घरात कुणाला क्षय झाला होता?" "कावीळ?" आम्हांला वाटलं, बाई गप्पा मारताहेत. त्या आमची जन्मभूमी तपासत होत्या.

झोपेच्या गोळीची गोम ही आहे. आपण भारतातून येताना बॅगेत लोणचं-पापड आणतो, तसे अंगात काही पाहुणेही आणतो. रखवालदार त्यांना वर्षानुवर्षं कोपऱ्यात बसवून ठेवतो. तो झोपला की ते उठतात. क्षयाचे जंतू असे दबून राहतात. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक बारीक जंत अनवाणी पायांतून शिरतो आणि दशकानुदशकं पोटात राहतो. स्टेरॉइडने तो अंगभर पसरून जिवावर बेतू शकतं. आणि 'ब' प्रकारची कावीळ. रिटुक्सिमॅबने ती उसळण्याचा धोका इतका की ते देण्यापूर्वी तिची तपासणी केलीच पाहिजे अशी ताकीद औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. इथे जन्मलेल्या डॉक्टरांना हे प्रश्न सुचतातच असं नाही. आपणच सांगावं, "मी भारतात वाढले, तपासा."

सौ.ची क्षयाची रक्तचाचणी निर्धोक निघाली, जंताचीही. कावीळ 'ब'ची एक ओळ मात्र पॉझिटिव्ह आली. आमचा विश्वासच बसेना. दोन्ही बाळंतपणांत तपासलं होतं की! बाईंनी समजावलं : तेव्हा तपासतात ते विषाणूचं वरचं आवरण, ते आजही निगेटिव्ह आहे. पॉझिटिव्ह आली ती 'कोअर' अँटिबॉडी, म्हणजे कधीतरी विषाणू येऊन गेला याची खूण. त्याचा अंश यकृतात दडलेला असू शकतो. पण त्यातही मेख होती. सौ.ला दोनदा आय.व्ही.आय.जी. मिळालं होतं, आणि त्यातून दात्यांच्या अँटिबॉडी तिच्या रक्तात आल्या असण्याची शक्यता होती. ती खूण तिची की कुणा अनोळखी दात्याची? तपासणीचं रक्त आय.व्ही.आय.जी. देण्याआधी काढून ठेवलं असतं तर प्रश्नच नव्हता. इमर्जन्सीच्या धांदलीत ते राहिलं. आम्ही हे मुद्दाम लिहितो आहोत, कारण एवढं एक वाक्य त्या पहाटे कुणी आम्हांला सांगितलं असतं तर आम्ही बोललो असतो.

तोवर मायकोफेनोलेट सुरू केलं, दरमहा यकृत तपासत. मळमळ, जुलाब, आणि आकडा पंचविशी-तिशीत. दात्यांच्या अँटिबॉडी काही महिन्यांत विरतात, म्हणून जूनच्या अखेरीस पुन्हा तपासलं. पॉझिटिव्हच. म्हणजे खूण सौ.चीच.

याच सुमारास सांगलीहून येणाऱ्या एका आप्तांबरोबर सासूबाईंनी गुळवेलीच्या काढ्याच्या दोन बाटल्या पाठवल्या. चिठ्ठी होती : "प्रतिकारशक्ती वाढेल." इकडे हजारो डॉलरचं औषध देऊन जी उतरवायची तीच! फोनवर सांगायला गेलो तर त्या दुखावल्या. "करोनात आम्ही सगळ्यांनी घेतला. तुम्हांला आपलं काहीच चालत नाही." २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, तो वाद आम्ही सोडवणार नाही. पण यकृतात काविळीचा अंश आणि अंगात उतावळा रखवालदार असलेल्या माणसाला तो काढा आम्ही देणार नव्हतो. सौ.ने आईला तिच्या भाषेत सांगितलं, "आई, रखवालदार आधीच माजलाय, त्याला तू खुराक नको देऊस." बाटल्या आम्ही फेकल्या नाहीत. त्या आजही तळघरात आहेत, पाण्याच्या पातळीच्या वर.

जुलै २०२३ मध्ये आधी काविळीच्या विषाणूला दाबणारी एन्टेकाव्हिरची रोजची गोळी सुरू झाली आणि मग चार आठवडे रिटुक्सिमॅब. लशी त्याआधी काही आठवडे टोचून घेतल्या, कारण बी-पेशी गेल्यावर लस द्यायची कुणाला? नंतर सहा महिने तरी ती लागू पडत नाही, आणि जिवंत जंतूंच्या लशी तर वर्ज्यच. खर्चाबद्दल थोडक्यात : ओहिप डॉक्टर आणि हॉस्पिटल सांभाळतं, घरी घ्यायच्या गोळ्या नाही, आणि क्लिनिकमध्ये देण्याच्या महागड्या औषधांचाही प्रश्न येतो. आमच्या नोकरीचा औषधविमा होता. कंत्राटी कामावर असलेल्यांसाठी ओंटारिओची ट्रिलियम योजना आहे; घरच्या उत्पन्नाच्या साधारण चार टक्क्यांपलीकडचा मंजूर औषधांचा खर्च ती उचलते. अर्ज लवकर करावा. स्कारबरोतल्या आपल्या ओळखीत दोन घरांना ही योजना आहे हेच माहीत नव्हतं.

सप्टेंबरात आकडा ६२ झाला, डिसेंबरात १०४. रिटुक्सिमॅबने निम्म्याहून अधिक जणांना गुण येतो, पण पाच वर्षांनी तो पाचातल्या एकाचाच टिकलेला असतो. हे आम्हांला आधीच सांगितलं होतं. शेवटचा आकडा ७४.

राहिली मेहुण्याची गोष्ट. सौ.ला ही कावीळ लागली कुठून? लहानपणी घरात, एकाच सुईने टोचलेल्या इंजेक्शनातून, कुठूनही असेल. सौ. भावाच्या मागे लागली, "तू पण तपासून घे." सासूबाई घाबरल्या. "बोभाटा नको. त्याच्या मुलीचं ठरायचंय." दीड वर्ष हे चाललं. २०२४ च्या डिसेंबरात आम्ही सांगलीला गेलो तेव्हा सौ.ने भावाला स्कूटरवर मागे बसवलं आणि लॅबमध्ये नेलं. बाजारात चाललोय म्हणून सांगितलं. त्याचं वरचं आवरणच पॉझिटिव्ह आलं, म्हणजे विषाणू आजही अंगात. यकृत अजून ठीक आहे. दर सहा महिन्यांनी तपासणी, बायकोला आणि मुलीला लस. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याचं ताट-वाटी वेगळी काढली. सौ.ने ती उचलून पुन्हा सगळ्यांच्यात ठेवली आणि त्याच ताटात त्याच्याबरोबर जेवली. एकत्र जेवल्याने ही कावीळ लागत नाही; रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला लागते.

मुलीचं लग्न या मे महिन्यात झालं. व्याह्यांना आधी सगळं सांगून. मेहुणा आता दर सहा महिन्यांनी आपले रिपोर्ट आम्हांला पाठवतो आणि प्रत्येक आकड्यापुढे पेनाने लिहितो : "दाजी, हे भारतातल्या मापात."